सिक्का राइजुल वक्त

निकाहाच्या मजलिसीत काझी साहेब मेहरची रक्कम जाहीर करतात तेव्हा रकमेपाठोपाठ तीन शब्द उच्चारतात: ‘सिक्का राइजुल वक्त’. आपण सर्वांनी हे शब्द शेकडो वेळा ऐकले आहेत. छुहारे कधी वाटले जातात याकडे डोळे लावून बसलेल्या मुलांनीही ऐकले आहेत. अर्थ साधा आहे. त्या काळी चलनात असलेले नाणे. मेहर ज्या नाण्यात द्यायचा ते नाणे बाजारात चालणारे असावे, बाईच्या हाती खोटे किंवा बंद पडलेले नाणे येऊ नये, म्हणून ही अट.

आमच्या दादीचा निकाह १९४६ साली नागपूरच्या मोमिनपुऱ्यात झाला. निकाहनाम्यात मेहरची रक्कम ‘एक्कावन्न रुपये, सिक्का राइजुल वक्त’ अशी लिहिलेली आहे. ही सगळी रक्कम तिच्या सासऱ्यांनी त्याच दिवशी, मेहर-ए-मुअज्जल म्हणून, एका लाल रुमालात बांधून दिली. परंतु त्या रुमालातले रुपये राइजुल वक्त नव्हते. ते सगळे चलनातून बाद झालेले होते. तरीही कोणी हरकत घेतली नाही, उलट वधूपक्षाच्या वडीलधाऱ्यांनी समाधानाने माना डोलावल्या, असे दादी सांगत असे. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आम्हाला रुपयाच्या इतिहासात शिरावे लागले. त्या रुपयांचे पुढे काय झाले, तेही या लेखात सांगायचे आहे. कारण त्यात आमच्या घराची एक चूक दडलेली आहे.

नाव एकाचे, राज्य दुसऱ्याचे

इस्लामी राजवटींमध्ये सत्तेच्या दोन खुणा मानल्या जात: खुतबा आणि सिक्का. जुम्याच्या खुतब्यात ज्याचे नाव घेतले जाते आणि नाण्यावर ज्याचे नाव उमटते, तो राजा. म्हणून नवा सुलतान गादीवर बसला की पहिल्यांदा टाकसाळीला हुकूम जाई. पण नाणे बाजारात चालायचे तर ते लोकांना ओळखीचे वाटले पाहिजे, ही अडचण प्रत्येक राजापुढे होती. महमूद गझनवीने १०२७-२८ च्या सुमारास लाहोरला, ज्याला त्याने महमूदपूर नाव दिले होते, पाडलेल्या चांदीच्या टंक्यावर एका बाजूला अरबीत कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच कलम्याचा संस्कृत अनुवाद आहे. महंमद घोरीच्या काही सोन्याच्या नाण्यांवर तर बैठी लक्ष्मी आहे आणि त्याचे नाव नागरीत लिहिलेले आहे. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत हे राजे जसे भेटतात, तसे ते नाण्यावर भेटत नाहीत.

आपण ज्याला रुपया म्हणतो त्याची घडी शेरशाह सुरीने बसवली. त्याची राजवट १५४० ते १५४५ अशी अवघी पाच वर्षांची. पण सुमारे १७८ ग्रेन वजनाचा त्याचा चांदीचा रुपया मोगलांनी तसाच उचलला. औरंगजेबाने नाण्यावरचा कलमा काढून टाकला. नाणे हजार हातांतून जाते, नापाक जागीही पडते, तेव्हा पवित्र शब्दांची बेअदबी होऊ नये हा त्यामागचा विचार. त्याच्यानंतर मोगलांची सत्ता कमी होत गेली, परंतु त्यांच्या नाण्याची पत टिकून राहिली. अठराव्या शतकात देशभर नवे सत्ताधीश उभे राहिले आणि त्यांनी आपापल्या टाकसाळी घातल्या. बहुतेकांनी नाण्यावर नाव ठेवले ते दिल्लीच्या बादशहाचेच.

आमचे नागपूर याचे उत्तम उदाहरण आहे. हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली. त्याच्या मृत्यूनंतर गोंड घराण्यातल्या भाऊबंदकीत रघुजी भोसले मदतीला आले आणि १७४३ च्या सुमारास सत्ता त्यांच्या हाती गेली. परंतु त्यांनी गोंड राजाला हाकलले नाही. बुऱ्हाण शहाला किल्ल्यात मानाने ठेवले आणि नावाला राजा तोच राहिला. आता नाण्याकडे पाहू. नागपूरच्या भोसल्यांनी जो रुपया पाडला त्यावर गोंड राजाचे नाव नाही आणि भोसल्यांचेही नाही. त्यावर मोगल बादशहाचे नाव आहे, तेही फारसीत. म्हणजे शहर गोंडांनी वसवलेले, राज्य मराठ्यांचे, नाव मोगलांचे आणि लिपी फारसी. छत्रपती शिवाजी महाराजांनी नागरी अक्षरांत शिवराई आणि होन पाडले होते. तो अभिमान मराठ्यांना नव्हता असे नाही. परंतु लांबच्या व्यापाऱ्याने रुपया डोळे मिटून घ्यावा, तर त्यावर त्याच्या ओळखीची अक्षरे हवीत, हा व्यवहार भोसले जाणून होते.

अशा शेकडो टाकसाळींचे रुपये त्या काळी बाजारात फिरत. कोणाची चांदी चोख, कोणाची हिणकस. कोणाचे वजन पुरे, कोणाचे झिजलेले. सराफ रुपया हातात घेऊन दगडावर वाजवी आणि परक्या गावच्या रुपयावर काही टक्के कापून घेई. त्या कपातीला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीला तिथूनच मिळाला. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘सोळा आणे खरे’ हीही त्याच बाजारातली भाषा आहे.

एक तोळा चांदी

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आपल्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्याच्या एका बाजूला इंग्लंडच्या राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीखाली फारसी अक्षरांत ‘यक रुपिया’. या रुपयाची एक मोठी सोय होती. घरात वजन नसले तरी चालत असे. सोनार तराजूत एका पारड्यात रुपया टाकी आणि दुसऱ्यात दागिना.

नागपूर तेव्हा भोसल्यांचेच होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात गेले. नागपुरी रुपयाचे दिवसही संपत आले आणि हळूहळू तो वितळून दागिन्यांत गेला.

पुढचा टप्पा आमच्या बिरादरीच्या जवळचा आहे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापड गिरणी सुरू झाली आणि सम्राज्ञीच्या नावावरून ती एम्प्रेस मिल म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षापासून रुपयावरही ‘व्हिक्टोरिया क्वीन’ जाऊन ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ ही अक्षरे आली. म्हणजे गिरणीच्या फाटकावर आणि मजुराच्या हातातल्या पगारावर एकच पदवी. १८५७ च्या आगेमागे उत्तरेतून येऊन कामठी-नागपूरला स्थिरावलेल्या मोमिनांच्या हातमागाला या गिरणीच्या कापडाशी झुंजावे लागले. ज्यांचा माग बंद पडला त्यांतले काही त्याच गिरणीत लागले. आमचे परदादा त्यांतले एक. दादीला मेहर देणारे सासरे ते हेच. हातमागावर त्यांचे वडील बसत, ते स्वतः गिरणीच्या मागावर उभे राहिले. पगारातला एखादा चांदीचा रुपया ते दरवर्षी बाजूला टाकत. त्यांचा बँकेवर विश्वास नव्हता आणि व्याजाला हात लावायचा नव्हता. त्यामुळे दादीच्या डब्यात ‘क्वीन’ही आहे, ‘एम्प्रेस’ही आहे, सातवा एडवर्ड आहे आणि पंचम जॉर्जही आहे.

हत्तीची सोंड

पंचम जॉर्जच्या रुपयाची एक हकीकत आपल्या समाजाशी निगडित आहे. १९११ साली या राजाचे पहिले रुपये पाडले गेले. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एका शाही किताबाची साखळी कोरलेली होती आणि तिच्यात छोटा हत्ती होता. कोरणाऱ्याने हत्तीची सोंड आखूड आणि पाय बुटके केले. रुपया बाजारात आला आणि लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. मुसलमानांमध्ये संताप उसळला. राजाच्या छातीवर डुक्कर कोरून तोच रुपया आमच्या हातात देता, हा प्रश्न होता. सरकारने ते रुपये परत घेतले, टाकसाळीत पडून असलेले वितळवले आणि १९१२ मध्ये स्पष्ट सोंडेचा हत्ती कोरून नवा साचा केला. संग्राहक आज त्या १९११ च्या रुपयाला ‘डुक्कर रुपया’ म्हणतात आणि तो दुर्मिळ असल्यामुळे चढ्या किमतीला घेतात.

दादीच्या डब्यात १९१२ चे चार रुपये होते. लहानपणी ती आम्हाला भिंग देऊन विचारी, “सूंड दिखी?” दिसली म्हटले की रुपया परत डब्यात. तिला सन वाचता येत नव्हता. सोंड दिसते म्हणजे रुपया पाक, एवढेच तिला तिच्या सासूने शिकवले होते. हे कोणी मुद्दाम केले नव्हते, कारागिराची चूक होती, हे आम्ही मोठे झाल्यावर तिला सांगितले. ती म्हणाली, चूक होती म्हणूनच तर दुरुस्त केली.

मेहरचे रुपये

आता १९४६ च्या त्या रुमालाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. चोख चांदीचे जुने रुपये लोक घरात दाबून ठेवू लागले, तेव्हा १९४१ ते १९४३ या काळात आधी व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे आणि शेवटी जॉर्जचे जुने रुपये कायद्याने बाद करण्यात आले. लोकांनी ते बदलून आणावेत ही अपेक्षा होती. अनेकांनी आणले नाहीत. आमच्या परदादांनीही आणले नाहीत. १९४६ मध्ये सरकारी दृष्टीने त्या रुपयाची किंमत शून्य होती आणि सराफाच्या दृष्टीने रुपयाहून जास्त. म्हणून वधूपक्षाने मान डोलावली. सुनेला कागदाची नोट न देता चोख चांदी दिली, हा तिचा सन्मान होता. दुसऱ्याच वर्षी, १९४७ मध्ये, रुपया निकेलचा झाला आणि त्यात चांदी औषधालाही उरली नाही.

दादीने हे रुपये कडेकोट बंद ठेवले असे मात्र नाही. दर रमजानमध्ये डबा उघडायचा, कारण जकातीचा हिशेब करायचा असे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे. रुपये एक्कावन्न, म्हणजे ढोबळ एक्कावन्न तोळे. दीड तोळ्याने निसाब चुकत होता. पण तिच्याकडे पायातले चांदीचे तोडेही होते आणि ते धरले की निसाब पुरा होई. “दीड तोले के लिए अल्लाह से क्या हिसाब करना,” असे म्हणून ती दरवर्षी चाळिसावा हिस्सा काढून ठेवी. पुढे रुपये कमी झाले, तोडेही गेले, निसाब राहिला नाही. पण मोजण्याचा रिवाज राहिला. आम्ही भावंडे भोवती बसून मोजत असू. इतिहास विषयाची गोडी आम्हाला कुठे लागली असे कोणी विचारले तर त्या चटईवर, हे उत्तर आहे.

एक्कावन्नाचे सदतीस कसे झाले, हेही ती मोजताना सांगे. तीन गेले दादांच्या मागाच्या दुरुस्तीला, पन्नासच्या दशकात. तीन गेले १९७८ साली दादांच्या शेवटच्या आजारात. आठ गेले २०११ साली आमच्या बी.एड.च्या फीमध्ये. फीचा हप्ता भरायचा होता आणि पैसे कमी पडत होते. दादी अब्बांबरोबर स्वतः इतवारीच्या सराफ्यात गेली. कोणते आठ द्यायचे हे तिने रात्रभर जागून ठरवले होते आणि सोंडवाल्यांतला एकही दिला नाही. आज आम्ही ज्या खुर्चीवर बसून मुलांना शिकवतो, तिच्यात दादीचे आठ तोळे चांदी आहे.

वाचणारे डोळे

सदतिसातला एक रुपया बाकीच्यांहून वेगळा होता. जाड, लहान, कडा वाकड्यातिकड्या, चेहरा नाही. दादी त्याला ‘नकटा’ म्हणे. वजनात तो थोडा कमी भरे, म्हणून मोजताना सर्वांत शेवटी ठेवला जाई. त्यावर ओळी होत्या, पण साचा मोठा आणि चकती लहान असल्याने अक्षरे कडेला कापली गेलेली. नोकरीला लागल्यावर एका सुटीत आम्ही तो भिंगाखाली धरला. उर्दू वाचणाऱ्याला थोडा सराव झाला की शब्द सुटू लागतात. ‘सिक्का’, ‘मुबारक’, ‘बादशाह’ आणि मागच्या बाजूला ‘जुलूस’, म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष. टाकसाळीचे नाव कापले गेले होते. जाणकारांना दाखवल्यावर त्यांनी तो भोसलेकालीन धाटणीचा असल्याचे सांगितले. घरात ज्याला नकटा म्हणून शेवटी बसवले तो सर्वांत वडील निघाला.

नागपूरला नाण्यांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. लोक ज्याला अजब बंगला म्हणतात ते मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन कलेक्टरला कळवावे लागते आणि अशा वाटेने या प्रांतातली कितीतरी नाणी संग्रहालयात आली. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला आणि पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावे उजेडात आली. एका शेतातल्या मडक्याने राजवंशाची यादी दुरुस्त केली. याच संग्रहालयात एम. ए. सुबूर हे नाण्यांचे तज्ज्ञ म्हणून काम करीत होते, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. भारतीय पुरातत्त्व विभागाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखाही नागपुरातच आहे आणि डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने तिची धुरा वाहिली. मशिदी, दर्गे, किल्ले आणि विहिरींवरचे लेख वाचण्याचे देशभराचे काम या शहरातून चालते. ही लिपी आमच्या शाळेतले पाचवीचे मूल रोज गिरवते. त्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

म्हणून आम्ही डब्यातली सुटी नाणी वर्गात नेऊ लागलो. एडवर्डच्या काळापासूनचा नागमोडी कडांचा एक आणा मुलांना फार आवडतो. १९०७ पासून निघालेल्या या आण्यावर किंमत चार देशी लिप्यांत लिहिलेली आहे: नागरी, बंगाली, तेलुगू आणि उर्दू. मुले ‘एक आना’ दोनदा वाचतात, एकदा मराठीच्या तासाला शिकलेल्या अक्षरांत आणि एकदा घरच्या अक्षरांत. मग चवली, पावली, अधेली आणि दुवन्नी, चवन्नी, अठन्नी यांच्या जोड्या लावतात. भोकाचा पैसा बोटात घालून बघतात. १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे बरोबर पंचवीस झाले, पण एका आण्याचे सहाच झाले आणि पाव पैसा कुठे गेला, हे गणित त्यांना सोडवायला देतो. १९५० नंतर नाण्यांवर नागरी आणि इंग्रजी अक्षरे राहिली, उर्दू राहिली नाही. एका मुलाने विचारले, आपली भाषा नाण्यावरून गेली का? आम्ही दहाची नोट काढून दाखवली. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. त्यात मराठी आठवी आहे आणि उर्दू शेवटची. त्याने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या.

इथे वाचकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. जुनी नाणी चिंच किंवा राख लावून घासू नयेत, घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत घटते आणि अक्षरे झिजतात. आणि रामदरबाराचे चित्र व १८१८ साल असलेले ‘कंपनीचे नाणे’ कोणी लाखोंना विकत असेल तर फसू नये. कंपनीने असे नाणे कधी काढलेच नव्हते.

यादगार

दादी २०१४ साली अल्लाहला प्यारी झाली. डबा अब्बांच्या कपाटात गेला. आमच्या दोन फुप्या आहेत, एक कामठीला आणि एक मालेगावला. मोठ्या फुप्पीने एकदा हळूच विचारले होते, “अम्मा के रुपयों का क्या किया?” अब्बा म्हणाले, “यादगार है, बाँटने की चीज थोड़ी है.” फुप्पी गप्प बसल्या. आम्हीही गप्प बसलो. खरे सांगायचे तर आम्हाला ते बरेच वाटले. डबा घरात राहणार होता, आम्हाला वर्गात नाणी नेता येणार होती. आठवणींचा मोठा शब्द वापरून आम्ही दोन बहिणींचा हक्क अकरा वर्षे कपाटात ठेवला, हे आमच्या लक्षात आले नाही, किंवा आम्ही येऊ दिले नाही. असे आपल्या किती घरांत होते, हे वाचकांनी स्वतःला विचारावे. कुठे शेत असते, कुठे घर, कुठे दागिना. बहीण माफ करते असे म्हणतात. तिला विचारून माफ करवले की न विचारता, हे कोणी सांगत नाही.

१७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल झाली. औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झाले, अफवा पसरल्या, महाल आणि हंसापुरी भागात दगडफेक व जाळपोळ झाली आणि शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. रमजानचे दिवस होते. शाळा बंद, तरावीह घरात. रिवाजाप्रमाणे डबा निघाला. बाहेर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बादशहाच्या नावाने शहर पेटले होते आणि आमच्या चटईवर नकटा रुपया पडला होता, मोगल नावाचा, मराठा राज्यातला, एका विणकराच्या घरात जपलेला. आम्ही तो अब्बांच्या हातात दिला आणि त्यावर काय लिहिले आहे ते पहिल्यांदा सविस्तर वाचून दाखवले. हे नाणे कोणाचे, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, ज्यांचे शहर होते त्या सगळ्यांचे. एकट्याचे असते तर चाललेच नसते.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गिनो.” आम्ही मोजले. सदतीस. दादीच्या पश्चात एक मुलगा आणि दोन मुली. सूरह निसाप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलींना एकेक. एका तोळ्याचे सारखे रुपये छत्तीस होते. अठरा, नऊ आणि नऊ. एक पै इकडेतिकडे झाली नाही. उरला नकटा.

ईदनंतर दोन्ही फुप्या आल्या. चांदीचा भाव तेव्हा चढत होता आणि धाकट्या फुप्पीच्या घरी छताचे काम निघालेले होते. तिने नऊतले पाच विकले, चार ठेवले. मोठ्या फुप्पीने एकही विकला नाही. तिने भिंग मागितले, सोंड पाहिली आणि नऊ रुपये ओढणीच्या टोकाला बांधले. “अम्मा ने मेरे सामने गिने थे,” एवढेच ती म्हणाली. यादगार आता तीन घरांत आहे आणि तीन घरांतली मुले सोंड शोधतात.

आमच्या डब्यात एक पाचशेची जुनी नोटही आहे. तिच्या क्रमांकात ७८६ आहे आणि ती दादीने शेवटच्या ईदला दिली होती. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ती बाद झाली. कायद्याने अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, म्हणून ती राहिली. ती वाटायची नाही, कारण ती ईदी होती. ज्याला दिली त्याची.

नकट्या रुपयाबद्दल तिघा भावंडांनी मिळून ठरवले. तो शिकवायच्या कामी यावा. तो कोणाच्याच हिश्शात नाही आणि तिघांच्या परवानगीने आमच्या जवळ आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तो वर्गात जातो. मागच्या बाकावरची एक मुलगी या वर्षी भिंग लावून बराच वेळ बसली होती. तिने आमच्या नजरेतून सुटलेला एक शब्द वाचला. ‘जरब’. ठोकलेले. कुठे ठोकलेले, ते अक्षर कापले गेले आहे.